केस तेलकट, वय पंधरा : तुम्ही काय लावलंत?

कंदीपेढा (सातारा)

लेक नववीत आहे. काल न्हाली की आज संध्याकाळी कपाळाजवळचे केस चप्प. तिचं म्हणणं, "मम्मी, वर्गात सगळ्यांना वाटतं मी आंघोळच करत नाही." सासूबाईंचं म्हणणं, सारखा शाम्पू लावून टाळू कोरडी पडते, म्हणून तेल सुटतं, तेव्हा उलट तेलच लावा. शाळेचं म्हणणं, दोन वेण्या, रिबीन, केस चापूनचोपून. या तिघींच्या मधे मी, आणि न्हाणीघरात अर्धवट बाटल्यांची रांग.

त्या वयात तुम्ही काय वापरलंत, कशानं फरक पडला, कशानं नाही, ते लिहा. मुलग्यांनीही लिहा, तेल काही मुलगी बघून सुटत नाही. आणि घरचं पाणी कुठलं तेही सांगा, नळाचं की बोअरचं. आमच्याकडे कास तलावाचं येतं.

दोन_रिबिनी (कराड)

तुमच्या लेकीची शाळा बरी म्हणायची. आमच्याकडे प्रार्थनेच्या रांगेत बाई डोक्यावरून हात फिरवायच्या. हाताला तेल लागलं नाही तर रांगेच्या बाहेर. ज्यांचे केस मुळातच तेलकट त्यांना वाटेल बरंच झालं, पण आई आधीच तेल थापून पाठवायची, त्यावर माझं स्वतःचं तेल. बुधवारपर्यंत वेण्या दोरखंडासारख्या.

न्हाणं फक्त रविवारी. आज्जी बंब पेटवायची. शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, थोडी मेथी, असं सगळं दळून आणलेलं असायचं. शिकेकाई दळणारी गिरणी वेगळी, तिथं नुसतं उभं राहिलं तरी शिंका. आता लोक शिकेकाईचं फार कौतुक करतात म्हणून सांगते, हलक्या तेलकट केसांना ती उत्तम, पण वाटीभर खोबरेल चोळलेल्या डोक्यावर तिचं काही चालत नाही. वर भुकटी केसात अडकते आणि दिवसभर खांद्यावर पडते, लोकांना वाटतं कोंडा. आज्जीनं पुढे भुकटी लावणं बंद केलं. रात्री लोखंडी कढईत भिजत घालायची, सकाळी उकळून फडक्यातून गाळायची आणि नुसतं पाणी वापरायची. तेवढ्यानं निम्मा त्रास गेला.

शाळेचा प्रश्न आईनं सोडवला. तेल कानाच्या खालच्या केसांना, म्हणजे वेणीला. वर भांगाजवळ ओला कंगवा. बाईंचा हात वेणीवर गेला की काम झालं.

भडंग (सांगली)

आमच्या दादानं कुठंतरी वाचून बेसन आणि ताक डोक्याला लावलं आणि कडकडीत पाण्यानं धुतलं. पुढचं लिहीत नाही. बेसन लावणार असाल तर पाणी गार घ्या, एवढंच.

औषधवाला (मिरज)

मेडिकलच्या गल्ल्यावर बसतो, त्यामुळे या विषयाचे गिऱ्हाईक रोजचे. आणि स्वतःचंही डोकं शाळेत असताना असंच होतं.

पहिलं, कंदीपेढा यांच्या सासूबाईंचा मुद्दा. हा समज फार पसरलेला आहे, पण तसं होत नाही. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलींच्याही अंगात, आणि चेहऱ्याच्या नि टाळूच्या तैलग्रंथी मोठ्या होऊन जास्त काम करायला लागतात. त्या ग्रंथी संप्रेरकांचं ऐकतात, शाम्पूचं नाही. धुणं वाढवलं म्हणून तेल वाढत नाही आणि आठवडाभर न धुता डोक्याला 'सवय' लावली म्हणून ते कमीही होत नाही. तेलकट डोकं एक दिवसाआड धुवा. घाम गाळणारं पोर असेल तर रोज धुतलं तरी चालतं, फक्त शाम्पू सौम्य हवा.

दुसरं, काय घ्यायचं. पोरं येतात आणि 'सिल्की' लिहिलेली बाटली मागतात. तेलकट केसांना नेमकी तीच नको. केस मऊ लागावेत म्हणून त्यात जे घालतात, बहुतेक वेळा सिलिकॉन, ते केसावर बसून राहतं आणि सरळ, बारीक केस अजून चपटे दिसतात. साधा, पारदर्शक, 'ऑइली हेअर'साठीचा शाम्पू घ्या. कंडिशनर लावायचाच तर शेंड्यांना, मुळांना अजिबात नाही. शाम्पू मात्र उलट, टाळूला. केसांच्या लांबीला चोळावा लागत नाही, धुताना खाली येणारा फेस तेवढं काम करतो.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं. तेलकटपणासोबत खाज आणि पिवळट, चिकट खपल्या असतील तर तो साधा तेलकटपणा नाही. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि ती तेलावरच जगते. अशा डोक्यावर 'कोरडेपणा आहे' म्हणून तेल घालणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. त्यासाठी केटोकोनाझोल २ टक्के, सेलेनियम सल्फाइड किंवा झिंक पायरिथिओनचा शाम्पू. केटोकोनाझोल आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे, आणि लावल्यावर तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा. लोक लावतात आणि लगेच तांब्या ओततात, मग परत येऊन मला बोलतात की औषध बोगस आहे.

रानजाई (वाई)

पण डोकं धुतलं की मुठीनं केस येतात हो हातात. त्या भीतीनंच मी दहावीत आठवडाआठवडा न्हायची नाही.

औषधवाला (मिरज)

@रानजाई, माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. आठवडाभर वेणीत अडकलेले सगळे एकाच न्हाण्याला निघाले की मूठ भरणारच. रोज धुणाऱ्याला ते दिसत नाहीत, गळतात तेवढेच.

बोअर_झिंदाबाद (जत तालुका)

पाण्याचं विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर या धाग्यावर माझं काय काम.

आमचं घर मळ्यात, पाणी बोअरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर, नळाच्या तोटीला पापुद्रे. अकरावीला सांगलीत मावशीकडे राहायला गेलो. तोवर मला खात्री होती की माझे केस जन्मजात चिकट आहेत. मावशीकडे कृष्णेचं पाणी, आणि तिथं पहिल्याच आठवड्यात केस मोकळे! सुट्टीला घरी आलो की पुन्हा तेच.

रसायनशास्त्राच्या सरांनी वर्गात जड पाणी शिकवलं तेव्हा उलगडलं. घरी आम्ही सगळे डोक्याला साबणाची वडी लावायचो. साबण आणि जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम एकत्र आलं की न विरघळणारा साका तयार होतो, तोच केसांवर बसतो. ते तेल नव्हतंच. शाम्पूत साबण नसतो, त्यामुळे त्याचा असा साका होत नाही. शिकेकाई-रिठ्याचाही होत नाही, हे आमच्या म्हाताऱ्या माणसांना साबण न लावताच ठाऊक होतं.

ओळखायचं कसं? मुळाशी टिपकागद किंवा पातळ कागद दाबा. डाग पारदर्शक उमटला तर तेल. कागद कोरडा, पण केस शेंड्यापर्यंत राठ आणि जड, तर पाणी. आता म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आमच्या भागात येतं, पण ते रानाला, घरात बोअरच. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात धरतो आणि बहीण शेवटचा तांब्या त्याचा घेते.

कंदीपेढा (सातारा)

कागद लावून बघितला. डाग. म्हणजे आमचं तेलच आहे. कासच्या पाण्याला दोष देता येत नाही. ☺

तालमीतला (वाळवा तालुका)

आमचा प्रश्न वस्तादांनी एका वाक्यात सोडवलेला, "मशीन मारून ये." पण त्याआधीचं सांगतो. आखाड्याची तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. सकाळी मेहनत, दुपारी शाळा, संध्याकाळी कुस्ती. ती माती, घाम आणि अंगचं तेल डोक्यावर बसलं की कंगवा उभा राहायचा. घरचे म्हणायचे, माती पवित्र आहे, केसांना चांगली. असेल, पण कपाळावर जे फोड आले ते काही पवित्र नव्हते. डोकं सफाचट केल्यावर तेल दिसायचं बंद झालं, सुटायचं बंद नाही झालं. उशीचा अभ्रा सांगायचा. आई दर दोन दिवसांनी अभ्रा बदलायला लागली तेव्हा कपाळ साफ झालं.

ढगाळ (सातारा)

मी सोळा. सध्या भोगतोय. 🙋

कटिंगवाला दादा प्रत्येक वेळी वॅक्स लावून केस उभे करून देतो, भारी दिसतं. मग मी पण डबी आणली. मेणाचं वॅक्स शाम्पूनं एका दमात जात नाही, दुसऱ्या दिवशी त्यात तेल, वर अजून वॅक्स. कपाळाच्या कडेनं पुळ्यांची रांग. डॉक्टर म्हणाले, केसांना लावायच्या चोपड वस्तूंनी अशा पुळ्या येतात, पोमेड अ‍ॅक्ने म्हणतात त्याला, लावायचं बंद कर. आता पाण्यानं निघणारं क्ले वापरतो, तेही फक्त लग्नाबिग्नाला. बाकी दिवस रोज शाम्पू, पुडीतला. बाटलीतून मी जास्त ओततो, पुडीनं माप बसतं.

आणि पप्पांना कोणीतरी सांगा की 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे उत्तर नाही.

सांगलीवाडी_१९

२०१९ च्या ऑगस्टात, महापूर आला तेव्हा, मी दहावीत होते. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आम्ही विश्रामबागला आत्याकडे, एका घरात चार कुटुंबं. सगळीकडे पाणी आणि नळाला पाणी नाही. टँकरचं मिळेल ते प्यायला आणि स्वयंपाकाला. अशा वेळी केस धुवायचे हा विषय काढणंसुद्धा लाजिरवाणं. पण चौदा-पंधराच्या आम्ही तिघी बहिणी, तिघींची डोकी तेलानं थबथबलेली, येणाजाणाऱ्यांसमोर ओढणी काढवत नव्हती.

आत्येबहिणीनं स्वयंपाकघरातला आरारूट आणला. रात्री भांग पाडून मुळाशी चिमूट चिमूट चोळायचा, सकाळी फणीनं झटकायचा. रात्रभरात तेल ओढून घेतो. काळ्या केसांवर पांढरा दिसतो, म्हणून रात्रीच लावायचा, ही तिचीच युक्ती. नंतर कॉलेजात मैत्रिणी महागडा ड्राय शाम्पू दाखवायच्या, त्यातही मुख्य काम बऱ्याचदा स्टार्चचंच. आजही परीक्षेच्या दिवशी सकाळी वेळ नसेल तर मी हेच करते. टाळू मात्र यानं स्वच्छ होत नाही, दोन दिवसांत धुवावं लागतंच.

गोदाक्का (तासगाव)

सगळं वाचलं. आता म्हातारीचं ऐका. तेलाला एवढं बदनाम करू नका गं. आमच्या पिढीचे केस गुडघ्यापर्यंत होते ते काय पुड्या लावून?

दोन_रिबिनी (कराड)

गोदाक्का, तेलाशी भांडण नाही, ते कधी लावायचं याचं आहे. न्हाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीला, मग धुऊन टाकायचं. २००३ साली एक अभ्यास छापून आला होता, त्यात खोबरेलानं केसातल्या प्रथिनांची झीज कमी होते असं दिसलं, सूर्यफूल आणि खनिज तेलानं नाही. अभ्यास करणारे मॅरिकोचे होते, म्हणजे खोबरेल विकणाऱ्यांचे, हेही सांगून ठेवते. पण तो फायदा केसाला आहे, टाळूला नाही. तेलकट टाळूवर वरून तेल घालून तिला काय मिळणार?

गोदाक्का (तासगाव)

तासभर आधी लावते नातीला. रात्रभर ठेवायचं ते बंद करू. पण लिंबू तरी चालंल का? आमच्याकडे लिंबू पिळून उन्हात बसवायची पद्धत.

औषधवाला (मिरज)

अक्का, लिंबू लावून उन्हात नको. लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते, काळे डाग राहतात. खायचा सोडाही नको, टाळू किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा तिला उलटा.

नाव_नको (मिरज)

हे लिहू की नको असा विचार करत होते. माझं सतराव्या वर्षी केस रोज धुऊनही संध्याकाळी तेलकट. त्याच सुमाराला हनुवटीवर राठ केस यायला लागले आणि पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येईना. घरात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या मानल्या गेल्या. केसांना शाम्पू, हनुवटीला थ्रेडिंग, आणि पाळीला 'अभ्यासाचा ताण'. मी तर केसांवरच सगळे पैसे घालवत होते, कारण तेवढंच उघड बोलता यायचं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे केसांसाठी गेले होते. त्यांनी पहिला प्रश्न पाळीचा विचारला. आई बाहेर बसली होती, तिला आत बोलावलं. मग स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी. पीसीओएस निघालं, म्हणजे संप्रेरकांचा तोल बिघडून होणारा अंडाशयाचा विकार. उपचार सुरू झाल्यावर डोकं एक दिवसाआड धुतलं तरी पुरतं. सगळ्या तेलकट केसवाल्या मुलींना हे नसतं, बहुतेकींचं वयाचंच असतं. पण सोबत पाळीची गडबड किंवा चेहऱ्यावर केस असतील तर बाटल्या बदलत बसू नका.

कंदीपेढा (सातारा)

@नाव_नको, लिहिलंत ते फार बरं झालं. लेकीला वाचायला दिलं, तिची पाळी नियमित आहे. सासूबाईंनाही औषधवाल्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "बघू." आमच्या घरात हे 'हो'च्या फार जवळचं असतं. शाळेला चिठ्ठी लिहिणार आहे की वेण्या घालू, तेल घालणार नाही.

@दोन_रिबिनी, ते गाळलेलं शिकेकाईचं पाणी दोन वेण्यांच्या केसांना किती लागतं? आणि रिठा डोळ्यात गेला तर?

दोन_रिबिनी (कराड)

मूठभर शेंगा, चार-पाच रिठे बिया काढून, दोन तांबे पाणी. उकळून अर्धं आटवायचं. फेस फार येत नाही, म्हणून अजून लागेल असं वाटतं, पण लागत नाही. रिठा डोळ्यात गेला तर जाम झोंबतो. गार पाण्याचे हबके मारायचे आणि पुढच्या वेळी मान मागे करून न्हायचं. आधी एका रविवारी करून बघा. कोमट असतानाच वापरा, उरलेलं दुसऱ्या दिवशी आंबतं, टाकून द्या.