वर्षभर टिकलेला व्यायाम: ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

जिमची वर्षाची फी एकरकमी भरली की माणूस पैसे वसूल करायला तरी जातो, असा माझा समज होता. मी ११ दिवस गेलो. म्हणून या धाग्यावर वेळापत्रकं नकोत, प्रोटीन पावडरी तर अजिबातच नकोत. वर्षभर जे टिकलं ते लिहा आणि मोडलं असेल तर कशामुळे, तेही. मी घोडबंदर रोडला राहतो, वय ४४. निम्मा जीव ट्रॅफिकमध्येच जातो.

कोपरखैरणे, वय ५२

माझी शतपावली. हसू नका. तीन वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले सकाळी ४५ मिनिटं चाला. सकाळी सहाला माझ्याकडे तीन डब्यांची घाई, चालणार कोण? मग रात्री जेवण झालं की सोसायटीच्या आवारात १५ मिनिटं चालायला लागले. ओटा आवरायच्या आधी, हे महत्त्वाचं. आवरून एकदा टेकलं की संपलं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती एकदम चढत नाही. हे मी घरच्या ग्लुकोमीटरवर स्वतः पाहिलं, म्हणून विश्वास बसला. मी खाली गेले की ओटा नवरा आवरतो. हा फायदा डॉक्टरांनी सांगितला नव्हता.

नौपाडा, निवृत्त

कचराळी तलावाला १८ वर्षं रोज फेऱ्या मारतोय. खरं सांगायचं तर चालणं ४० मिनिटं आणि कट्टा तासभर. एवढं चालणाऱ्याला काय होणार, अशी घमेंड होती. गेल्या वर्षी गणपतीत पाटावर पूजेला बसलो आणि उठता येईना. मुलाने काखेत हात घालून उभं केलं, तेही पाहुण्यांसमोर. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, काका, दम भरपूर आहे, मांड्यांत ताकद नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, हे मला तोंडपाठ. तीच संघटना किमान २ दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायामही सांगते, तेवढं मी सोयीने विसरलो होतो. आता सोमवार-गुरुवार, बातम्या चालू असताना, खुर्चीवरून हात न टेकता उठबस. १० वेळा, थोडं थांबून परत १०. पहिल्या आठवड्यात चारच जमल्या होत्या. यंदा पाटावरून माझा मी उठलो. एक हात भिंतीला होता, पण तो मोजायचा नाही.

पाचपाखाडी, नोकरी ऐरोलीला

स्टेशनपर्यंतची रिक्षा सोडून चालायला लागलो, एवढंच. जाऊन-येऊन ४५ मिनिटं होतात आणि लोकल चुकवायची नसल्याने पाय आपोआप उचलतात. सलग दोन वर्षं जुलैत मोडलं. ओले बूट घालून दिवसभर एसीत बसून बघा! आता पावसाळ्यापुरता ऑफिसचे सहा मजले जिन्याने चढतो. आणि रोजच्या १०,००० पावलांचं ओझं घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय. हे कळल्यावर मी घड्याळाची टुणटुण बंद केली.

नेरूळ, वय ३१

ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनच्या जोशात रोज पाम बीच रोडला पळत सुटले. दोन महिन्यांत नडग्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरताना रडू येई. सहा आठवडे सक्तीची विश्रांती. आता तीनच दिवस पळते, तेही शेजारणीशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने.

ऐरोली

नेरूळच्या ताई, तुम्हाला शेजारीण आहे. माझं पोर दोन वर्षांचं आहे, मी दाराबाहेर पडले की भोंगा सुरू. सहा सूर्यनमस्कार होतात, त्यातल्या चारांत ते पाठीवर असतं.

नौपाडा

मग तुमचं वजन उचलणंही होतंय की!

घोडबंदर, धागाकर्ता

काल शतपावली सुरू केली. जेवल्याबरोबर, ओटा आवरायच्या आधी. बायकोने कोपरखैरणेच्या ताईंचा प्रतिसाद वाचला आहे आणि ती म्हणते, आमच्याकडे नियम उलटा: आधी ओटा, मग शतपावली.