चर्चा: हंगामाआधी धनुष्य कसं लावायचं, आणि सरावात पहिला बाण मोजायचा की शंभर?

शहादा_मैदान

मंडळी, मी शहाद्याला नऊ पोरांना तिरंदाजी शिकवतो. पाच रिकर्व्हवाली (टोकं पुढे वळलेलं धनुष्य), चार कंपाऊंडवाली (टोकांना चाकं असलेलं). मांडतोय तो मुद्दा मला दोन महिने झोपू देत नाहीये.

माझा भाचा विस्कॉन्सिनला असतो. तिकडे कायद्याने परवाना काढून हरणाची शिकार होते आणि धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला उघडतो. त्याचे शेजारी जूनपासून तयारीला लागतात. आधी धनुष्य लावून घेतात: दोरी, पीप (नेम धरायला दोरीत बसवलेलं छोटं भोक), रेस्ट (बाण टेकतो तो आधार), सगळं. एकदा लागलं की खुणा करून ठेवतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. मग सराव. पण कसा? सकाळी घराबाहेर यायचं, अंग गरम न करता एकच बाण सोडायचा आणि तो कुठे लागला ते वहीत लिहायचं. कारण हरणासमोर दुसरा बाण मिळत नाही. पहिला चुकला तर जनावर जखमी होऊन रानात मरतं, आणि ते पाप त्यांना नको असतं.

ऐकलं आणि माझीच पोरं डोळ्यांसमोर आली. गेल्या निवड चाचणीत माझी सगळ्यात चांगली मुलगी पहिल्या सहा बाणांतच मागे पडली. पुढचे सगळे सुरेख. सरावात मी तिचे पहिले बाण कधी मोजलेच नव्हते. "जाऊ दे, अजून हात बसायचाय" असं मीच म्हणायचो.

म्हणून माझं म्हणणं: दोन गोष्टी शिकाऱ्यांकडून घ्याव्यात. हंगामाआधी धनुष्य एकदाच, पण जीव ओतून लावायचं. आणि रोजचा पहिला, थंड हाताचा बाण लिहून ठेवायचा.

धुळे_७०मीटर

सर, तुमची कळकळ समजते, पण पहिल्या मुद्द्याला हो आणि दुसऱ्याला ठाम नाही.

स्पर्धेत मोजणी सुरू व्हायच्या आधी सरावाचे बाण मिळतात. हरणापुढे मिळत नाहीत. मग हरणापुढची सवय आमच्या पोरांना कशाला? रँकिंग राउंड, म्हणजे सामन्यांआधी क्रम ठरवणारी फेरी, ७२ बाणांची. सत्तरावा बाण सोडताना खांदा पडतो, कोपर उतरतं, तिथे पोरं हरतात. त्यावर उपाय एकच, बाणांची संख्या. माझी पोरं आठवडाभर तीन मीटरवरून, टार्गेटचा कागद न लावता, कोऱ्या बट्रेसवर (बाण अडवणाऱ्या जाड ठोकळ्यावर) डोळे मिटून बाण सोडतात. पाठ कशी ओढते एवढंच बघायचं. पहिल्या बाणाचा हिशोब ठेवला की पोरगं निकालाला घाबरायला लागतं, आणि नवीन पोराला एकदा भीती बसली की ते नेम मधल्या पिवळ्यावर आला रे आला की घाईने सोडून देतं. ती खोड काढायला मला एका मुलाबरोबर दीड वर्ष लागलं.

भुसावळ_कंपाऊंड

धनुष्य लावण्याबद्दल सरांना शंभर टक्के पाठिंबा. आपल्याकडे ते कुणी मनावर घेत नाही. दुकानातून आलं की तसंच मैदानात.

मे महिन्यात आमच्या एका मुलाने बंद गाडीत धनुष्याची पेटी ठेवली. भुसावळचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दोन तासांनी पेटी उघडली तर दोरी ताणली गेलेली, पीप पाव फेरा फिरलेला, आणि पन्नास मीटरवर सगळे बाण वीतभर खाली. पोरगं रडकुंडीला आलं, "माझा फॉर्म गेला" म्हणे. फॉर्म जागेवर होता, पीप नव्हता. त्या दिवसापासून दोरीवर पीपच्या वर आणि खाली पांढऱ्या पेनाची बारीक रेघ आणि कॅमवर, म्हणजे टोकाच्या चाकावर, एक खूण. रोज सकाळी आधी खुणा बघायच्या, मग बाण लावायचा.

आणि पेपर ट्यूनिंग करा हो. लाकडी चौकटीवर वर्तमानपत्र ताणून लावायचं, दोन-अडीच मीटरवरून बाण सोडायचा. टोकाचं भोक आणि पिसांची फाट एकाच ठिकाणी आली तर बाण सरळ निघतोय. पिसं टोकाच्या वर फाटली तर नॉक पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) जरा खाली घ्यायचा, नाहीतर रेस्ट किंचित वर. बाणाचं वजन धनुष्याच्या ताणाच्या दर पाऊंडाला निदान पाच ग्रेन (वजनाचं बारीक माप) हवंच. हलका बाण वेगाने जातो म्हणून पोरं हुरळतात, पण तो धक्का सगळा धनुष्याला बसतो.

केळी_रावेर

मी खेळाडू नाही, शेतकरी. रानडुकरं रात्रीतून केळीची रोपं उकरून टाकतात, पोटात तुटतं बघताना. मंडळी एवढं नेमकं धनुष्य लावतात तर ते आम्ही डुकरांवर का वापरू नये?

शहादा_मैदान

दादा, तुमचं नुकसान खरं आहे. तरी नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यातल्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत कलम ११ खाली परवानगीची वाट आहे, पण ती अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच. अर्ज करा, पंचनामा करून घ्या. स्वतः बाण सोडलात तर गुन्हा तुमच्यावर, आणि अंधारात डुक्कर नुसतं जखमी झालं तर ते माणसावर येतं.

अक्राणी_पाडा

आता मला बोलू द्या. मी पावरा आदिवासी, धडगावकडचा. चर्चेत शिकार हा शब्द इतका सहज आलाय की मला बोचलं.

विस्कॉन्सिनचा माणूस धनुष्य घेऊन जंगलात जातो तेव्हा त्याच्या खिशात परवाना असतो. आमचा माणूस तीरकामठा खांद्यावर टाकून वाटेने चालला तरी कुठे निघाला म्हणून अडवतात. काठी गावच्या होळीला तोच कामठा घेतला की मात्र फोटो काढायला गर्दी. १८५८ साली अंबापाणीला भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्या बाजूने भिल्ल इंग्रजांशी लढले. तो कामठा आम्ही सोडलेला नाही. तर शिकाऱ्याचं शहाणपण हवं असेल तर ते विमानाने आणायची गरज नव्हती, सर. धडगाव शहाद्यापासून किती लांब आहे?

माझे आजोबा बांबू अंधाऱ्या पक्षात तोडायचे, त्याला कीड कमी लागते म्हणून. दोरीसुद्धा बांबूचीच, कामटी तासून तासून पातळ केलेली. तासताना ती अंगठ्याच्या नखावरून फिरवायचे. कुठे जाड लागली तर पुन्हा कोयता. काम नसेल तेव्हा कामठा उतरवून ठेवायचे, कायम ताणलेला बांबू मरतो म्हणायचे. ना पीप, ना साइट. आणि सराव? अंगणात पळसाचं पान काडीने टोचून ठेवायचं, येता-जाता एक बाण. चुकला तर चुकला, दुसरा नाही. आपल्या कामाला लागायचं.

म्हणजे पहिल्या बाणाची गोष्ट खरी आहे. फक्त ती आमची आहे.

धुळे_७०मीटर

दादा, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. तरीही माझा मुद्दा सोडत नाही. तुमचे आजोबा दिवसाला एक बाण सोडत होते हे खरं, पण लहानपणापासून किती हजार सोडून झाल्यावर? आमच्याकडे पोरगं चौदाव्या वर्षी पहिल्यांदा धनुष्य धरतं. त्याला आधी संख्या लागते.

अक्राणी_पाडा

हे मान्य. आम्ही पाचव्या-सहाव्या वर्षीच खेळण्यातला कामठा घेऊन सरड्यामागे पळायचो. मोजले नाहीत, पण कमी नव्हते.

शहादा_मैदान

अक्राणीच्या दादा, चूक माझी. मी शिकवतो त्या नऊपैकी सहा पोरं तुमच्याच भागातली आहेत आणि त्यांच्या घरी हे काय होतं ते मी एकदाही विचारलं नाही. ते लागलं मला.

धुळ्याच्या सरांना एक विचारतो. बरोबरी झाली की शूट-ऑफला काय होतं? एकच बाण, ज्याचा मध्याला जवळ तो जिंकला. तिथे कुठला सरावाचा बाण? कंपाऊंडचा वैयक्तिक सामना तर पंधराच बाणांचा. त्यात पहिला बाण आठ गुणांत गेला तर पुढे भरून काढायला जागा कुठे? ओजस देवतळे नागपूरचा, अदिती स्वामी साताऱ्याची, दोघं २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक विजेते झाले, तेही कंपाऊंडमध्येच. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र जोडी येतेय. आता हे आपल्या पोरांसाठी लांबचं स्वप्न राहिलेलं नाही.

आणखी एक. शिकारी लोक सपाट मैदानावरच सराव करत नाहीत. चढ-उतारावरून सोडताना कंबरेतून वाकायचं, खांद्यांची रेघ मोडायची नाही. अंतर धरायचं ते तिरपं नाही, आडवं. उतार तीस अंशांचा आणि तिरपं अंतर तीस मीटर असेल तर सव्वीस मीटर समजून सोडायचं. फील्ड तिरंदाजीच्या (रानात, चढ-उतारावर टार्गेटं लावून) जागतिक स्पर्धा असतातच, जनावर न मारता. तोरणमाळच्या वाटेवर तसला उतार पायलीला पन्नास मिळेल.

धुळे_७०मीटर

शूट-ऑफचा मुद्दा बिनतोड आहे, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण मी नवीन पोरांना पहिल्या वर्षी वही देणार नाही म्हणजे नाही. दोन वर्षं झालेल्यांना देईन, आणि त्यातसुद्धा आकडा लिहू देणार नाही. फक्त एवढंच लिहायचं: पाठीने सुटला की बोटांनी सुटला.

भुसावळ_कंपाऊंड

ही वही मीही सुरू करतो. पहिल्या पानावर मात्र धनुष्याच्या खुणा: लिंब बोल्ट (धनुष्याच्या पात्यांचा ताण कमी-जास्त करणारे स्क्रू) किती फेरे सोडलेत, ब्रेस हाइट (मुठीपासून दोरीचं अंतर), नॉक पॉइंटची उंची. नाहीतर बाण चुकला की हात चुकला का धनुष्य हललं, कळणारच नाही.

शहादा_मैदान

आकडा न लिहिण्याची गोष्ट पटली, तशीच करतो. अक्राणीच्या दादा, दिवाळीनंतर पोरांना घेऊन तुमच्या पाड्यावर आलो तर चालेल का? बट्रेस आणत नाही.

अक्राणी_पाडा

या. दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पक्षात या, बांबू तोडायला पोरं लागतील. कामटी तासायला एक दिवस पुरत नाही, मुक्कामाच्या तयारीने या. पळसाची पानं इथे भरपूर आहेत.