धातू म्हणजे नेमकं काय? एकच शब्द, किती विषयांत

गेल्या रविवारी भाचीचा अभ्यास घेत होते, आठवीत आहे ती, आणि मधेच म्हणाली, “मावशी, सायन्सच्या मॅडम म्हणतात धातू चकाकतो, ठोकला की पत्रा होतो, तार ओढता येते. आणि मराठीचे सर म्हणतात ‘करतो’ मधला धातू ‘कर’. मग ‘कर’ची तार कशी ओढायची?” तिला खरंच प्रश्न पडला होता. मलाही तिच्या वयात हाच प्रश्न पडला होता, मी विचारला नव्हता एवढंच. आपण सगळे दोन तासांना दोन धातू शिकतो आणि वेगवेगळे शब्द असल्यासारखे पाठ करून टाकतो. हा एकच शब्द आहे हे कोणी सांगतच नाही.

संस्कृतात ‘धा’ म्हणजे ठेवणं, धारण करणं, त्याला ‘तु’ लागून धातु. म्हणजे ज्याने धरून ठेवलंय, ज्याच्यावर बाकीचं उभं आहे असा मूळ घटक. चकाकी, कडकपणा, ठोकल्यावर येणारा आवाज हे काहीच या शब्दात नाहीये, ते सगळं नंतर चिकटलं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे अर्थ आपोआप ओळीने लागतात.

व्याकरणात करतो, करीन, करून, करणारा, करताना या सगळ्यांना धरून ठेवणारा ‘कर’, म्हणून तो धातू. पाणिनीच्या ‘भूवादयो धातवः’ या सूत्रापासून हा अर्थ पक्का आहे आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, असे जवळपास दोन हजार धातू दिलेत. भाचीला मी ‘जा’चं उदाहरण दिलं, जातो, जाईन इथे ‘जा’ दिसतो पण ‘गेला’त तो कुठेच दिसत नाही, तरी व्याकरणात ‘गेला’चा धातू ‘जा’च. ‘ये’ आणि ‘आला’चंही तेच. मग तिने स्वतःहून विचारलं की धातुसाधित म्हणजे धातूपासून तयार केलेलं का, वस्तूसारखं? हो, अगदी तेच! लोहार जसा एकाच लोखंडाचे विळा, कोयता, फाळ करतो तसं. (ही उपमा माझी आहे, परीक्षेत लिहू नकोस असं तिला सांगितलंय.)

आयुर्वेदातले सात धातू, रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा, शुक्र. शरीराला धारण करतात म्हणून धातू. आधीच्यापासून पुढचा तयार होतो असा क्रम मानलाय. आमच्या घरी एका अवलेहाच्या बाटलीवर ‘सप्तधातूंचे पोषण’ असं छापलंय आणि माझ्या नवऱ्याने इतकी वर्षं त्याचा अर्थ यात सात प्रकारचे मेटल घातलेत असाच घेतला होता, म्हणून तो घ्यायलाच घाबरायचा. त्याचंही चूक नाही म्हणा, कारण त्याच शास्त्रात लोहभस्म, ताम्रभस्म, सुवर्णभस्मही आहे, म्हणजे एकाच पानावर औषधात घालायचा धातू वेगळा आणि ज्याचं पोषण व्हायचं तो धातू वेगळा. ‘धातुक्षय’ शब्दाचं तर काय सांगावं, इंजिनिअरला वाटेल पाइप गंजला, वैद्य म्हणतील पेशंट खंगलाय.

आणि याच यादीतला शेवटचा धातू, शुक्र म्हणजे वीर्य, पुढे बोलीभाषेत एकटाच ‘धातू’ झाला. ‘धातू जाणे’, ‘धातुरोग’, भिंतींवरच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्यात. त्या भीतीने किती तरुण मुलं मनातल्या मनात कुढत बसतात, अशक्तपणा, थकवा सगळं त्याच्याच माथी मारतात. 1960 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं आणि तो मानसोपचाराचा विषय म्हणून नोंदला गेला. म्हणजे आपला शब्द घसरत घसरत मेडिकलच्या इंग्रजी पुस्तकात जाऊन बसला. यावर लाजून गप्प बसण्यापेक्षा शब्दाचा अर्थ नीट सांगितलेला बरा असं मला मनापासून वाटतं.

आता धातू म्हणजे मेटल हे कसं झालं? जुन्या भाषेत डोंगरातून निघणारं खनिज, गेरूसारखी रंगीत माती, हेही धातूच होतं. मेघदूतातला यक्ष शिळेवर ‘धातुरागैः’ प्रियेचं चित्र काढतो ते गेरूने. तिथे मेटलिक पेंट डोळ्यासमोर आणलं तर सगळीच गडबड. आणि मेटलसाठी रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या भस्मं करण्याच्या शास्त्रात, ‘लोह’ हाच सर्वसाधारण शब्द होता, शुद्धलोह, पूतिलोह, मिश्रलोह असे वर्ग केलेत आणि शुद्धलोहात सोनं-चांदीसुद्धा येतं. पुढे लोह आकसून फक्त लोखंडापुरता राहिला आणि मोकळी झालेली जागा धातूने घेतली. मला हा भाग सगळ्यात आवडतो, एक शब्द आक्रसला म्हणून दुसरा पसरला.

पण खरा घोळ होतो तो खगोलशास्त्रात आणि त्याचा मला फटका बसलाय. मी सायन्सचे लेख मराठीत आणायचं काम करते. एका लेखात मी लिहिलं होतं ‘या ताऱ्यात ऑक्सिजन, कार्बन अशा धातूंचं प्रमाण फार कमी आहे’. छापायच्या आधी कोणीतरी ते ‘अधातूंचं’ करून टाकलं. त्यांना वाटलं बाईंची चूक झाली. शाळेच्या हिशोबाने ऑक्सिजन अधातूच आहे ना! पण खगोलवाल्यांच्या भाषेत हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळं धातू. ऑक्सिजन धातू, निऑनसुद्धा धातू. ऐकायला विचित्र वाटतं पण त्यांची सोय बघा, सूर्याच्या वस्तुमानात सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन, पाव हेलियम आणि उरलेलं सगळं मिळून दोन टक्क्यांहूनही कमी. विश्वाच्या सुरुवातीला जवळपास ही दोनच होती, अगदी नावापुरतं लिथियम, बाकीचं पुढे मुख्यतः ताऱ्यांनी तयार केलं. त्यामुळे ‘आधीपासून होतं ते’ आणि ‘नंतर शिजलं ते’ एवढाच भेद त्यांना लागतो आणि दुसऱ्या गटाला एक सुटसुटीत नाव हवं. ताऱ्यातलं धातूंचं प्रमाण मोजताना बहुतेक वेळा त्याच्या प्रकाशात दिसणाऱ्या लोखंडाच्या खुणा, म्हणजे वर्णरेषा, बघतात कारण त्या भरपूर आणि स्पष्ट मिळतात. त्या ‘अधातूंच्या’ घोळापासून मी अशा लेखात पहिल्यांदा धातू आला की एक वाक्य जास्तीचं टाकतेच, शब्दमर्यादा ओलांडली तरी.

आणि गंमत बघा, गुरूच्या पोटात प्रचंड दाबाखाली हायड्रोजन वीज वाहून नेतो, त्याला भौतिकशास्त्रवाले धातुरूप हायड्रोजन म्हणतात. म्हणजे जो खगोलात कधीच धातू नाही तो फिजिक्सवाल्यांकडे धातू!

थोडी भर, कारण वाचणाऱ्या दोघांनी प्रश्न विचारलेत. बांधकामाच्या साइटवर काम करणाऱ्या एका दादांनी विचारलंय की आमच्याकडे ‘वीस एमएम मेटल’ म्हणजे खडी, ती कुठे धातू आहे? दादा, ते इंग्रजी शब्दाचं वेगळंच घराणं. तो मूळ ग्रीक, खाण या अर्थाचा, म्हणून खाणीतून निघालेला रस्त्याचा दगडही मेटल. त्यांचा शब्द जागेवरून आला आणि आपला कामावरून. त्यामुळे खडीला मेटल म्हणा खुशाल, पण भाषांतर करताना ‘धातूचा रस्ता’ नका करू, मी असं लिहिलेलं एकदा वाचलंय.

दुसरं, एका ताईंनी ‘बुद्धधातू’बद्दल विचारलंय. तिथे धातू म्हणजे अस्थी, पवित्र अवशेष. ते पोटात असलेला स्तूप म्हणजे धातुगर्भ, त्याचं श्रीलंकेत दागोबा झालं आणि आपल्या लेण्यांच्या जुन्या वर्णनांतही स्तूपाला दागोबा म्हटलेलं सापडतं. 1882 मध्ये पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींनी नालासोपाऱ्याचा स्तूप उघडला तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक होता, त्याच्यात चांदीचा, त्याच्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात काय, तर सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. मी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत या वस्तू आहेत हे भाचीला सांगितलं तर ती पटकन म्हणाली, “म्हणजे बाहेरचं सगळं सायन्सचा धातू आणि आतली माती खरा धातू?” दगड आणि स्फटिक सोडून हो, असं मी म्हटलं.

लिहिणाऱ्यांसाठी एवढंच की मराठीत सुटा शब्द ‘धातू’ दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व, धातुसाधित, धातुपाठ, धातुशास्त्र. आणि मराठीत तो धातू, हिंदीत ती धातु, त्यामुळे हिंदी माध्यमातून आलेली मुलं ‘ही धातू’ लिहितात ते तपासताना बघा.

ताऱ्यांतल्या धातूंसाठी कोणाला वेगळा शब्द सुचत असेल तर मला खरंच हवाय. ‘जड मूलद्रव्यं’ वापरून पाहिलं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर युरेनियम येतं आणि बिचारा कार्बन राहूनच जातो.