ओसीआरऐवजी ग्रे कोडची पट्टी
थेट प्रक्षेपणाचे चित्र प्रेक्षकापर्यंत किती विलंबाने पोहोचते हे मोजण्यासाठी कॅमेऱ्यासमोर मिलिसेकंद दाखवणारे घड्याळ ठेवावे, ते आणि प्लेयरवर दिसणारे त्याचे चित्र एकाच फोटोत टिपून आकडे ओसीआरने (चित्रातला मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) वाचावेत व वजाबाकी करावी, अशी एक सूचना आहे आणि ती मुळात योग्य आहे. दोन्ही नोंदी एकाच घड्याळाच्या असल्याने एनटीपीने यंत्रांच्या वेळा जुळवत बसण्याची कटकट उरत नाही. अडचण आकडे वाचण्यात आहे. ६० हर्ट्झची स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनी नवे चित्र दाखवते आणि कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये लागोपाठचे दोन आकडे एकमेकांवर उमटू शकतात. ३ वर ४ चढला आणि कॉम्प्रेशनने कडा पुसल्या, की ओसीआर त्याला बेधडक ८ ठरवते. शतकस्थानी असे झाले तर उत्तर शेकडो मिलिसेकंदांनी चुकते.

त्यामुळे आकड्यांऐवजी काळ्या-पांढऱ्या चौकोनांची पट्टी दाखवून तीत फ्रेमचा क्रमांक ग्रे कोडमध्ये मांडावा, असे मी सुचवीन. ग्रे कोडमध्ये लागोपाठच्या संख्यांत एकच बिट, म्हणजे पट्टीतला एकच चौकोन, बदलतो, म्हणून शेजारच्या दोन फ्रेम मिसळल्या तरी करडा चौकोन एकच दिसतो आणि तो कसाही वाचला तरी चूक एका फ्रेमपुरतीच राहते. (क्यूआर कोडही चालतो, पण मिसळलेल्या फ्रेममध्ये तो अनेकदा वाचलाच जात नाही.) शिवाय मोजणी सलग चालू ठेवावी: एचएलएसमध्ये (व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवण्याच्या पद्धतीत) ६ सेकंदांचे सेगमेंट, म्हणजे तुकडे, असतील तर प्लेयर सहसा तीन सेगमेंट मागून, म्हणजे सुमारे १८ सेकंद उशिराने सुरू होतो, आणि मध्ये बफर (आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ) रिकामा होऊन चित्र अडकले की तेवढी भर विलंबात पडते, प्लेयरने वेग वाढवून ती भरून काढली नाही, तर ती शेवटपर्यंत तशीच राहते.