मदत हवी आहे: फोन करणाऱ्याकडून नेमकी जागा कशी काढून घ्यायची?

नमस्कार मंडळी. महामार्गाच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर म्हणून लागून तीन महिने झाले. स्क्रीन, कॅमेरे जमतायत; अडतं ते फोनवर. १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवर फोन करणारा घाबरलेला असतो, म्हणतो, "ढाब्याच्या पुढे." अहो, कुठला ढाबा?

परवा रात्री एकाने नुसतं "खंबाटकी" सांगितलं. पुणे-सातारा महामार्गावरच्या या घाटात साताऱ्याकडे जाणारा रस्ता वेगळा, पुण्याकडे येणारा वेगळा. क्रेन चुकीच्या बाजूला गेली की लांबचा वळसा. धुक्यात कॅमेऱ्यातही सगळं पांढरं. किलोमीटरचा दगड बघा म्हणावं, तर अंधारात त्याला रस्त्यावर चालायला लावणं मला धोक्याचं वाटतं.

जुन्या ऑपरेटरांनो, पहिला प्रश्न कोणता विचारता? आणि पहाटे तीननंतर जागं कसं राहता? (चहा सोडून सांगा, पाच कप होतातच.)