चोर्ल्याच्या पावसाला कुठले वायपर ब्लेड घ्यायचे? उन्हात रबर टिकंनाच

चिकोडीकर_वॅगनआर:
नमस्कार मंडळी. गाडी जुनी वॅगनआर, घरी शेड नाही त्यामुळे बारा महिने उन्हातच उभी. गेल्या मे महिन्यात ऑनलाइन स्वस्तातली जोडी मागवली, दिवाळीपर्यंत बरी चालली, आता वळवाचा पहिला पाऊस आला तर ड्रायव्हर साइडला बरोब्बर डोळ्यासमोर पाण्याचा पट्टा राहतोय आणि वायपर परत येताना कुर्र्र कुर्र्र करत उड्या मारत येतोय. पुढच्या महिन्यापासून कामासाठी जांबोटी कणकुंबी मार्गे, चोर्ला घाटातनं गोव्यात साखळीला जाणं येणं सुरू होणार, रात्रीचंपण. दुकानदार म्हणतोय सिलिकॉनचे घ्या, चांगले टिकतात, पण दर साध्याच्या दुप्पट तिप्पट सांगूलाय. घेऊ काय? का साधेच घ्यावे? फ्रेमवाले बरे का ते फ्लॅटवाले? जाणकारांनी सांगा की जरा.

उद्यमबाग_मेस्त्री:
नवीन घ्यायच्या आधी जुन्याचं काय झालंय ते बघा. आर्म उचला आणि रबराच्या कडेवरनं बोट फिरवा. खाली जी बारीक पाती असते ना, ती वायपर जाताना एका बाजूला झुकते आणि परत येताना दुसऱ्या बाजूला पलटते. रबर मऊ असलं की सहज पलटतंय. उन्हात गाडी उभी करून ठेवली की पाती एकाच बाजूला दाबून राहते, काच तापलेली असते, रबर तसंच्या तसं कडक होऊन बसतंय. मग परतीला ती पलटतच नाही, उलटी घासत ढकलली जाते, तीच तुमची कुर्र कुर्र. पाऊस रबराला एवढं मारत नाही हो, मार्च ते मे मारतंय.
आणि पट्टा एकाच जागी असेल तर तिथं पातीला चीर पडलेली असणार नाहीतर खडा अडकलेला असणार, ओल्या फडक्यानं पुसून बघा. दोन्ही ब्लेड नवीन घालूनपण आवाज आला तर आर्म जरासा पिळलेला असतोय, तो गॅरेजमध्ये सरळ करून मिळतो, ब्लेडला शिव्या घालू नका.

खानापूरकर:
मेस्त्री बरोबर बोलले. आता चोर्ल्याचं. आमच्याकडचा पाऊस म्हणजे, कणकुंबीच्या पुढं गेलात की जुलैत समोरची गाडी फक्त लाल दिव्यावरनं ओळखायची. तिथं मी फ्लॅट म्हणजे फ्रेम नसलेलेच वापरतो. फ्रेमवाल्याला सांधे असतात, त्यात पाला आणि लाल माती जाऊन बसते, सांधे जाम झाले की मधला भाग काचेवर दाबच देत नाही. शिवाय हायवेला वाऱ्यानं फ्रेमवालं उचललं जातंय, फ्लॅट काचेला चिकटून राहतंय. पण साधा फ्रेमवाला दर पावसाळ्याला बदलणारा माणूस माझ्यापेक्षा सुखी आहे हेपण खरं 😄
साइज मात्र जुन्या ब्लेडवर टेप लावूनच घ्या, डावा उजवा वेगळा असतो बऱ्याच गाड्यांना. इंचभर मोठा घेतला तर जास्त पुसेल असं वाटतंय पण दोन ब्लेड एकमेकावर आपटतात. पॅकेटवर 600 मिमी लिहिलेलं म्हणजे 24 इंची. आर्मचं हुक कसलं आहे तेपण बघून घ्या, मोबाईलवर फोटो काढून दुकानात दाखवला की काम झालं.
आणि एक, घाटात काच आतनं धुरकट होते त्यावर नवीन वायपर काहीच करणार नाहीत. एसी लावून हवा काचेकडं सोडा. थंडी वाजते म्हणून एसी बंद करणारे घरचे लोक असतातच, त्यांना स्वेटर द्या.

अथणी_रोड:
मी सिलिकॉनवाला, त्यामुळं बोलणारच. आमच्या बाजूला ऊन तुमच्या बेळगावसारखं नाही, एप्रिलमध्ये बॉनेटवर पापड भाजतील. साधं रबर एका उन्हाळ्यात चिरतंय. सिलिकॉन उन्हाला दाद देत नाही, आणि काचेवर त्याचा थर बसतो त्यामुळं पाणी मोत्यासारखं घरंगळतंय. गाडी कायम बाहेर असेल तर पैसे वसूल.

उद्यमबाग_मेस्त्री:
@अथणी_रोड मान्य, पण अर्धंच. काच स्वच्छ नसेल तर तेच सिलिकॉन जास्त थरथरतंय. आणि आपल्या भागातली काच स्वच्छ असते कधी? हंगामात कारखान्याची काजळी, त्यात ट्रकांचा डिझेलचा धूर, वर वॉशिंगवाला पॉलिश मारून देतो ते काचेवर पण फासतो. रात्री समोरच्या लाइटीत काच तेलकट दिसते ना, ते हेच. भांड्याच्या साबणानं काच चोळा, भरपूर पाण्यानं धुवा, पाण्याचा सलग पातळ थर उतरला म्हणजे काच स्वच्छ निघाली. थेंब थेंब राहिले तर अजून काहीतरी चिकटलेलं आहे. सिलिकॉन लावून झाल्यावर मात्र थेंब होणारच, ते वेगळं. आधी हे करा, मग कुठलंही ब्लेड घाला.
चिकोडीकर, तुमच्या जागी मी असतो तर चांगल्या कंपनीचं, बॉश व्हॅलिओ कुठलंही, साध्या रबराचं फ्लॅट घेतलं असतं आणि ते मेच्या शेवटी, मृगाच्या तोंडावर. मार्चमध्ये घालून उन्हात भाजायचं कशाला.

चिकोडीकर_वॅगनआर:
काच साबणानं धुतली, निम्मा आवाज गेला की ओ! पट्टा आहेच, चीर दिसली. फ्लॅटच घेतो. अजून एक, उन्हात वायपर उभे करून ठेवतात लोक, ते करू काय? आणि धूळ बसली की कोरडाच वायपर मारायची सवय आहे मला.

खानापूरकर:
कोरडा अजिबात नको!! धुळीत वाळूचे कण असतात, पाती पण जाते आणि काचेवर कायमचे ओरखडे. आधी नोझलचं पाणी, मग वायपर. टाकीत बोरचं जड पाणी भरू नका, क्षार साठून नोझल बुजतात, मग टाचणी घेऊन बसा.

उद्यमबाग_मेस्त्री:
उभे ठेवले तर पाती वाकत नाही, तेवढा फायदा खरा. पण वाऱ्यानं नाहीतर पोरानं हात लावून आर्म खाली आपटला तर काच जाते. त्यापेक्षा काचेवर जुनी चादर टाका आणि वायपर त्याच्यावर. ब्लेड बदलताना पण काचेवर जाड टॉवेल ठेवा, ब्लेड काढलेला नुसता आर्म सुटला तर थेट लोखंड काचेवर. आणि मागचा वायपर असेल तर तोपण बघा, त्याला कुणी विचारत नाही.