पडद्यावरचा पियानो नटानेच वाजवावा, आवाजासकट!

पेटीवाला_सदाशिव
काल 'अंधाधुन' (2018) परत पाहिला. आपल्या पुण्यात घडतो म्हणून नाही, हातांसाठी. आयुष्मान खुरानाने या भूमिकेसाठी पियानो शिकून घेतला आणि ते दिसतं: चेहरा आणि बोटं एकाच चौकटीत. नाहीतर आपल्या जुन्या पार्टीगाण्यांतले नायक! सूर वर चढतोय आणि साहेबांचा हात खाली. मी पेटी वाजवतो, मला ते खड्यासारखं लागतं.
पण माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. बोटं नटाची, तर आवाजही त्याच बोटांचा, त्याच क्षणाचा हवा. 'संत तुकाराम'मध्ये (1936) तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस स्वतःच गायले. तो गोडवा उसन्या गळ्यातून आला असता का?

ध्वनीखोलीतून
सिनेमाच्या साउंडमध्ये काम करते, म्हणून राहवत नाही. पियानोचा सीन एका दमात होत नाही हो. तीन-चार अँगल, प्रत्येकाचे अनेक टेक. नट प्रत्येक वेळी लय थोडी मागेपुढे करणार. एडिटर क्लोजअप एका टेकचा घेणार, लाँगशॉट दुसऱ्याचा. जोडल्यावर तालाचं काय होईल? त्यात संवाद असले तर पियानो त्याच माइकमध्ये घुसतो, मग एकाचा आवाज कमी केला की दुसऱ्याचाही जातो. म्हणून पुष्कळदा सेटवरचा पियानो मुका केलेला असतो, हातोडे तारांना लागतच नाहीत. आधी रेकॉर्ड केलेला तुकडा लावायचा आणि नटाने त्याबरोबर वाजवायचं. 'ला ला लँड'साठी (2016) रायन गॉसलिंग कित्येक महिने शिकला. हात त्याचेच, पण ऐकू येतो तो पियानोवादक रँडी कर्बर. यात फसवणूक कुठे आली?

पेटीवाला_सदाशिव
अडचणी सांगितल्यात, अशक्य आहे असं नाही सांगितलंत. 'राउंड मिडनाइट' (1986) बघा. डेक्स्टर गॉर्डनचा सॅक्सोफोन, हर्बी हँकॉकचा पियानो, सगळं कॅमेऱ्यासमोर वाजवून तिथेच रेकॉर्ड केलेलं. हँकॉकला त्या संगीताचं ऑस्करही मिळालं.

तालमीतला
काका, ते दोघं मुळात वादक! तुम्ही नटाला वादक नाही केलंत, वादकाला नट केलंत. मग प्रत्येक पियानोवाल्या भूमिकेसाठी आधी पियानिस्ट शोधायचा आणि त्याला रडता येतं का हे नंतर बघायचं?
'कट्यार'च घ्या. शंकर महादेवन स्वतः गायले, पण सुबोध भावेंचा गळा महेश काळेंचा होता आणि राष्ट्रीय पुरस्कार त्या गळ्याला मिळाला. थिएटरात कुणाचं काही अडलं? 'कोहिनूर'साठी दिलीपकुमार सतार शिकले, तरी ऐकू येते ती उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांची. शिकले ते बोटांना खोटं पडू नये म्हणून.

पेटीवाला_सदाशिव
कट्यार मध्ये आणलीत, आता मी काय बोलू!

नळस्टॉप_नाईट
माझं मत काकांच्या बाजूने, कारण जरा घरगुती आहे. कॉलेजच्या एकांकिकेत आमचा नायक खरोखर कीबोर्ड वाजवायचा. एका प्रयोगात सूर चुकला. हा थांबला, पट्टीकडे बघितलं, पुन्हा तीच चुकीची पट्टी दाबली आणि पुढचं वाक्य बोलला. त्या दिवशीची सगळ्यात मोठी टाळी तिथे पडली. रेकॉर्डवर हे कसं करणार?

ध्वनीखोलीतून
छान केलं त्याने. पण तो प्रयोग एकदाच होता. सिनेमात तीच चूक पुढच्या अँगलला पुन्हा तशीच करायला सांगितली असती, आणि तिसऱ्यांदा केल्यावर ती चूक उरली नसती.

पेटीवाला_सदाशिव
बरं, आवाज सोडतो. हात सोडणार नाही.

ध्वनीखोलीतून
हातांवर माझं भांडण नव्हतंच. मी तर पाय बघते. सूर लांबवर घुमत राहिलाय, बोटं पट्ट्यांवरून उचललीत आणि नटाचा पाय सूर धरून ठेवणाऱ्या पेडलवर नाहीच, हे किती सिनेमांत सापडतं ते बघा एकदा.

पेटीवाला_सदाशिव
पेटीला पायपेडल नसतं हो, माझं कधी लक्षच गेलं नाही. आता 'अंधाधुन' पहिल्यापासून परत लावणं आलं.